यूपीआयने जुनी ओव्हरलॉक घेतली : एकदा फसून, एकदा नीट

कळव्यात माझं घरातच शिवणकाम चालतं. ब्लाउज, फॉल-पिको, ड्रेसचं ऑल्टरेशन. हा रिव्ह्यू मशीनचा नाही, यूपीआयचा आहे. भाजीवाल्याला पैसे द्यायला यूपीआय कसं आहे हे मी सांगायला नको. २०१६ साली ते सुरू झालं आणि आता जांभळी नाक्यावर कोथिंबिरीची जुडी घेतानाही सुट्ट्यांवरून वाद होत नाही. मी लिहितेय ते एकाच कामाबद्दल. दुकान नाही, बिल नाही, ओळख नाही, अशा माणसाकडून वापरलेली वस्तू घ्यायची आणि फोनवरून पैसे द्यायचे. हे मी दोनदा केलं. पहिल्या वेळी ३,४९९ रुपये गेले. दुसऱ्या वेळी मशीन घरी आली, आत्ताही ती माझ्या डाव्या हाताला आहे.

आधी पहिलं सांगते. जानेवारी २०२५, लग्नसराई. माझ्याकडे ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून दोऱ्याने बांधणारी मशीन, नव्हती, शेजारच्या गल्लीतून ब्लाउजमागे १० रुपये देऊन करून आणायचे. जुन्या वस्तूंच्या एका ऍपवर जाहिरात दिसली. चार दोऱ्यांची ओव्हरलॉक, टेबल-मोटरसकट ९,५००. तशी मशीन जुन्यात मी पंधरा हजारांच्या खाली पाहिली नव्हती. तिथेच शंका यायला हवी होती. मला आनंद झाला.

फोनवरचा माणूस हिंदीत फार गोड बोलायचा. आपण सैन्यात आहोत, बदली झाली, बायकोची मशीन न्यायला जागा नाही. ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातलाही पाठवला. ही थाप इतकी जुनी आहे की पोलीस वर्षानुवर्षं तिच्याबद्दल सावध करतात, हे मला नंतर भाच्याने सांगितलं. ‘दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे’ म्हणून टोकनचे २,००० मागितले, दिले. मग गाडीभाड्याचे १,४९९, ‘गाडी गेटातून बाहेर पडली की परत मिळतील’. त्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’ असं काहीतरी नाव झळकलं होतं. मला वाटलं, वा, सरकारी काम! थोड्या वेळाने तिसरा क्यूआर आला. हा स्कॅन करून पिन टाका, १,४९९ परत येतील. पिनचे दोन आकडे टाकून झाले होते. शेजारी अभ्यास करत बसलेल्या मुलीने फोनच ओढून घेतला. ‘आई, पैसे आपल्याला यायचेत तर पिन कशाला?’

पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे वाक्य मी त्याआधी पन्नास वेळा वाचलं असेल. पण घाईत असलेल्या बाईच्या डोक्यात वाचलेलं राहत नाही.

माझी खरी चूक मात्र पुढची. लाज वाटली म्हणून ह्यांना सांगितलं नाही. ब्लाउजच्या पैशातून भरून काढू असा विचार करत एक रात्र आणि एक अख्खा दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी माझी बँक, रक्कम, वेळ, ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला. तो क्रमांक ऍपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. तो शोधायलाच मला चार मिनिटं लागली. तुम्ही आधी लिहून ठेवा आणि मग फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकता येते. पैसे ज्या खात्यात गेले तिथेच पडून असतील, तर ते अडवता येतात, असा ह्या व्यवस्थेचा अर्थ. माझे पडून नव्हते, पुढे निघून गेले होते. तासाभरात फोन केला असता तर काय झालं असतं, हा विचार आता करत नाही.

माझ्या बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलाने एकच विचारलं, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे. आपल्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, त्यात चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि आपण तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा आपल्यावर येत नाही. पण मी परवानगी दिली होती. फसून दिली, तरी दिलीच. पोलिसांच्या दृष्टीने ती फसवणूक आहे. ज्याला आपण इतकी वर्षं चारसोबीस म्हणत आलो ते कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. पण ‘काय तीनशेअठरा माणूस आहे’ असं काही तोंडात बसत नाही.

तर माझं मत असं. यूपीआय म्हणजे रोख रक्कम, फक्त देणाऱ्याचा हात फार लांब झालाय. कळव्यातून एका सेकंदात तो कुठेही पोचतो. आपण भर रस्त्यात अनोळखी माणसाच्या हातावर दोन हजार ठेवून ‘उद्या मशीन पाठव हं’ असं म्हणू का? फोनवर मी नेमकं तेच केलं.

दुसरे मार्गही पाहिले. क्रेडिट कार्डाने पैसे दिले आणि वस्तू आली नाही, तर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता येतात, पण घरातली मशीन विकणाऱ्या माणसाकडे कार्डाचं यंत्र कुठून येणार? रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, तेही दुकानदारालाच पैसे द्यायला चालतं, खासगी माणसाला नाही. पार्सल आल्यावर पैसे देणं बरं वाटतं, पण पैसे आधी आणि खोकं नंतर उघडायचं. आमचे वडील व्हीपीने पुस्तकं मागवायचे, तेव्हाही पोस्टमनला पैसे दिल्याशिवाय पुडकं हातात पडायचं नाही. पुस्तकाच्या जागी वीट निघाली नाही, एवढा तो काळ चांगला म्हणायचा.

दरम्यान यूपीआयमध्ये दोन बदल झाले आणि दोन्ही मला आवडले. एक, ३० जून २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी ऍपवर समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दिसलं पाहिजे असं ठरलं. त्याने स्वतःच ठेवलेलं ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’ नाही. दोन, १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद केली. म्हणजे ‘मी रिक्वेस्ट पाठवतो, तुम्ही ओके करा’ असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवून द्यायला हरकत नाही. पण बँकेतलं नाव खरं असलं म्हणजे माणूस खरा असतो असं नाही. गरिबांची खाती भाड्याने घेऊन त्यांत पैसे फिरवणारे आहेतच.

आता दुसरी खरेदी. नोव्हेंबर २०२५. कोपरखैरणेच्या एका बाईंची जाहिरात. गाऊन शिवायचं काम बंद करून गावी चालल्या होत्या, तीन मशीन विकायच्या होत्या. ओव्हरलॉकचे १४,५०० सांगितले. फोटो छान होते, पण फोटोंवर माझा विश्वास उडाला होता. मी म्हटलं, ‘ताई, वरच्या लूपरला लाल दोरा लावा आणि व्हिडिओ कॉलवर दोन वीत शिवून दाखवा.’ लूपर म्हणजे कडेला दोऱ्याचे फास घालणारा आकडा. वरच्या लूपरचा दोरा कापडाच्या वरच्या बाजूला दिसतो, त्यामुळे लाल रेघ लगेच कळते. चोरलेल्या फोटोंवर धंदा करणाऱ्याला हे जमणारच नाही. पलीकडे जरा शांतता. मला वाटलं, झालं, हाही गेला. मग आवाज आला, ‘लाल संपलाय हो. चटणी रंग चालेल का?’

तिथेच माझी निम्मी खात्री पटली. फसवणारा रंग विचारत बसत नाही.

त्यांनी टोकन मागितलं. मी नाही म्हटलं. उद्या अकराला येते, त्याआधी दुसऱ्या कोणाला दिलीत तर माझी तक्रार नाही. टोकन न देता मशीन हातची गेली तर गेली, हे मी मनाशी ठरवूनच फोन केला होता.

कळव्याहून कोपरखैरणेला जायचं म्हणजे आधी उलटं ठाण्याला जायचं आणि तिथून वाशीकडची गाडी पकडायची. नकाशात ऐरोली हाकेच्या अंतरावर दिसतं, पण ते असो. माझ्या पिशवीत जॉर्जेटचा तुकडा, अस्तराचं कापड, जीन्सची चार पदरी घडी आणि माझे स्वतःचे दोऱ्याचे चार कोन होते. माथाडींच्या वसाहतीतलं एक मजली घर, तळमजल्यावर मशीन. मशीन आधी रिकामी चालवली. वरच्या गोल काचेत तेल उडताना दिसायला हवं, तसं दिसलं. जॉर्जेटवर टाका सुटला नाही. जीन्सच्या घडीवर एकदा दोरा तुटला, सुई बदलल्यावर नाही तुटला. शिवण संपल्यावर दोऱ्याची साखळी सलग बाहेर आली. घासाघीस करून १३,००० ठरले.

मग पैसे. त्यांनी मुलाचा क्यूआर पुढे केला. स्कॅन केल्यावर अर्थातच पुरुषाचं नाव आलं. मी हात मागे घेतला. मुलगा रबाळ्याला एमआयडीसीत कामावर होता. बाई जरा रागावल्या, ‘माझा मुलगा आहे तो, मी काय खोटं बोलते?’ मी म्हटलं, तुम्ही नाही हो, पण माझं एकदा गेलंय. तेव्हा त्यांनी कपाटावरून विजेचं बिल काढलं. बिलावर नवऱ्याचं नाव आणि स्क्रीनवरच्या मुलाच्या नावात मधलं नाव तेच, आडनावही तेच. आपल्याकडे बापाचं नाव मधे लावतात, त्याचा असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आधी एक रुपया पाठवला. मुलाचा फोन आला, ‘आई, एक रुपया आलाय.’ आता पुढचा तिढा. त्यांना पैसे मिळाल्यावर मशीन उचलू द्यायची होती, मला मशीन टेम्पोत गेल्यावर पैसे द्यायचे होते. टेम्पोवाल्याने मध्यस्थी केली. टेबल आणि स्टँड गाडीत, मशीनचं डोकं घरात, आणि मग पैसे. मी १२,९९९ पाठवले. आणि नेमकं ‘पेंडिंग’.

माझ्या खात्यातून पैसे कापले गेलेले, मुलाकडे मेसेज नाही. मी स्क्रीनशॉट दाखवला, तर बाई म्हणाल्या, ‘स्क्रीनशॉट नको ताई, माझ्या जावेला असाच खोटा दाखवून एक जण साड्या घेऊन गेला.’ म्हणजे मी तिला घाबरत होते आणि ती मला. पुन्हा पाठवू का, असा विचार मनात आला होता. बरं झालं नाही पाठवले. खात्यातून कापले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर ते पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. चहा झाला. टेम्पोवाला घड्याळ बघत होता. अकराव्या मिनिटाला मुलाचा फोन आला, पैसे जमा.

त्या अकरा मिनिटांत मला यूपीआय समजलं. यंत्रात बिघाड झाला तर ते आपली काळजी घेतं. माणसात बिघाड असेल तर नाही. आणि माझी तक्रार इथेच आहे. विकणारा आणि घेणारा दोघं समोरासमोर असताना पैसे मधे धरून ठेवायची, दोघांनी हो म्हटल्यावर सोडायची सोय मला माझ्या ऍपवर कुठेच सापडली नाही. दर वेळी टेम्पोवाला थोडाच भेटणार आहे.

निघताना वहीच्या पानावर मशीनच्या पट्टीवरचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून दोघींनी सह्या केल्या. उद्या मशीन चोरीची निघाली असती तर माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं.

तारे द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा बँकेतल्या नावासाठी, तो जुलै २०२५ च्या आधी मी दिला नसता.

मशीनचं सांगायचं राहिलं. आठवड्याने कळलं की खालचं ब्लेड बोथट आहे, जाड कापड नीट कापत नाही, चावतं. बाईंना फोन करून सांगितलं, भांडले नाही. ‘मला खरंच माहीत नव्हतं हो,’ म्हणाल्या, ‘नव्या ब्लेडचे निम्मे पैसे मी देते.’ मी एका साटीनच्या ब्लाउजची बाही लावत होते तेव्हा फोन टुणकन वाजला. खात्यात १५० रुपये जमा, पाठवणाऱ्याचं नाव तेच, विजेच्या बिलातल्या मधल्या नावासकट. मी क्यूआर स्कॅन केला नव्हता, पिन टाकला नव्हता, फोनला हातसुद्धा लावला नव्हता.