जुन्या पिकअपच्या केबिनमधला उजेड: साधा बल्ब, एलईडी की पट्टी?

दार उघडलं की छतावरचा दिवा लागतो खरा, पण सीटखाली घरंगळलेला नट शोधायचा तर हातात मोबाईलच धरावा लागतो. अशा वेळी सरळ एलईडी मागवायचा मोह होतो. त्याआधी दिव्याची काच काढून होल्डर बघा. पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला असतो, बल्ब बोटाने हलवला की उजेड फडफडतो. आत तार तापून उजळणाऱ्या साध्या बल्बचं गणित कडक आहे: व्होल्टेज 10 टक्के पडलं की उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, जरा आत वाकवून पकड घट्ट करा, अर्थिंगचा स्क्रू सोडवून त्याखालचा गंज काढा, पिवळी पडलेली काच साबणाने धुवा. एवढ्यावरच समाधान झालं, तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही झालं, तर छताच्या दिव्यापुरता माझा कौल एलईडीला. साधा 10 वॅटचा बल्ब सुमारे 0.8 अँपिअर ओढतो. दार नीट न लागता रात्रीचे दहा तास तसेच गेले, तर बॅटरीतून 8 अँपिअर-तास जातात. आधीच थकलेली बॅटरी सकाळी स्टार्टर फिरवेल याची खात्री नाही. 1 वॅटच्या एलईडीला त्याच रात्रीत एक अँपिअर-तासही लागत नाही. शिवाय साधा बल्ब एवढा तापतो की वरची प्लास्टिकची काच त्यानेच पिवळी पडते. साध्या बल्बची जमेची बाजू म्हणजे तो कसाही बसवा, लागतो. एलईडी लागला नाही तर उलटा करून बघा, बहुतेक वेळा प्लस-मायनसचीच गडबड असते.

रंगाच्या बाबतीत मात्र घाई नको. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढेल तसा तो पिवळ्याकडून पांढऱ्याकडे जातो. जुन्या बल्बचा उजेड 2700 ते 3000 केल्विनचा, उबदार. 6000 केल्विनचा पांढराफटक एलईडी फोटोत झकास दिसतो, पण अंधारात दार उघडलं की डोळे दिपतात आणि बाहेरचं दिसायला वेळ लागतो. 4000 च्या आसपासचा घ्या. दोन्ही टोकांना टोपी असलेला लांबट बल्ब असेल तर आधी त्याची लांबी मोजा. 31, 36, 39 आणि 41 मिलिमीटरचे एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

एलईडी पट्टीचं थोडक्यात: पायाशी किंवा सीटमागे, जिथे कंपनीने दिवा दिलाच नाही, तिथे तिला तोड नाही. छताच्या दिव्याऐवजी मात्र नको. तिला वेगळा खटका द्या, आणि जिथून करंट घ्याल तिथेच, तारेच्या सुरुवातीला, 1–2 अँपिअरचा फ्यूज. मागचा चिकट टेप उन्हात सुटतो, म्हणून क्लिपा हव्यातच.

राहिला डॅशबोर्ड. इथे मी जुन्या बल्बच्या बाजूने आहे. मीटरमागच्या बल्बवर बऱ्याचदा निळी-हिरवी टोपी असते. तिच्या आत पांढरा एलईडी घातला की रंग भलताच दिसतो. मीटरचा उजेड कमी-जास्त करणारा जुना डिमर म्हणजे करंट अडवणारा नुसता तारेचा रेझिस्टर. एलईडी करंटच इतका कमी घेतो की डिमर फिरवूनही उजेड धड मंद होत नाही, आणि रात्रभर गाडी हाकणाऱ्याला तो काट्यासारखा टोचतो. मीटरचा उजेड कमी वाटतो म्हणूनच बदलायचं असेल, तर आधी त्याच मापाचे नवे साधे बल्ब घाला. जुन्या बल्बची काच आतून काळवंडलेली असते, फरक लगेच कळतो.

त्यातही बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा एलईडीसाठी काढू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून जाणाऱ्या करंटने ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र, जागा होतो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही. मग गाडी सुरू होते, चार्जिंग मात्र सुरूच झालेलं नसतं.