डेमोग्राफी की पब्लिक हेल्थ? कोकणातून संशोधनात जाऊ पाहणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं हा प्रश्न हल्ली बऱ्यापैकी विचारतात. कोणी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी केलेलं असतं, कोणी अर्थशास्त्रात बीए, कोणी बीएएमएस, कोणी नर्सिंग. आरोग्याच्या संशोधनात जायचंय, पुढे शिकवायचंही आहे, पण एमए-एमएस्सी लोकसंख्याशास्त्रात, म्हणजे डेमोग्राफीत करायची, की एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ करायचं, यावर गाडी अडते. माझं मत आधीच सांगते. आकडेमोड आवडत असेल आणि हातात वैद्यकीय पदवी नसेल, तर आधी डेमोग्राफी करा आणि आरोग्याचा विषय पीएचडीला घ्या. वैद्यकीय किंवा नर्सिंगची पदवी असेल, तर पब्लिक हेल्थ.

दोन्हीकडे माणसांचे आकडेच हाताळायचे असले, तरी पडणारे प्रश्न वेगळे असतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. हे पाहून डेमोग्राफर विचारतो की पुरुष कोणत्या वयात गाव सोडून गेले, कोणत्या वयात परत येतात, आणि मागे उरलेल्या वाडीत साठीच्या पुढचे किती. पब्लिक हेल्थवाल्याला पडणारा प्रश्न असा की त्या वाडीतल्या एकट्या आजीचं बीपी कोण तपासतं आणि संपलेल्या गोळ्या तिला कोण आणून देतं. पहिला प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसेल तर एक रस्ता, दुसरा झोपू देत नसेल तर दुसरा. पगार, जागा, शिष्यवृत्ती हे सगळं त्यानंतर.

डेमोग्राफीचं काम जवळून कसं दिसतं ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची बाई पडवीत बसते आणि घरातल्या माणसांची यादी करायला घेते. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी विचारते: हा माणूस इथे नेहमी राहतो का? आणि काल रात्री इथेच झोपला होता का? कोकणात या दोन प्रश्नांची उत्तरं जुळत नाहीत. मुलगा 'इथलाच' असतो, रेशनकार्डावरही असतो, पण झोपतो विरारला. गणपतीत विचारलंत तर घरात बारा माणसं, दिवाळीनंतर तीन. यातली कोणती संख्या धरायची आणि दर काढताना भाजक कोणता घ्यायचा, यावर जन्मदरापासून लसीकरणापर्यंत सगळे आकडे हलतात. हे शिकवणारं शिक्षण कडक असतं: लाइफ टेबल (कोणत्या वयात किती माणसं मरतात, किती जगतात याचा तक्ता), प्रजननदराचे माप, अपुऱ्या नोंदींवरून मृत्युदराचा अंदाज, सोबत स्टाटा किंवा आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर. ज्याला यात गंमत वाटते त्याला ती आयुष्यभर पुरते. ज्याला वाटत नाही, त्याने पहिल्याच सत्रात स्वतःशी स्पष्ट बोलावं.

पब्लिक हेल्थ पसरट आहे. साथरोगशास्त्र, आरोग्यव्यवस्था, पोषण, धोरण, खर्चाचा हिशेब, सगळं थोडं थोडं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ साली गोचिडीतून पसरणारा माकडताप आला तेव्हा मेलेली माकडं, काजूच्या बागेत जाणारी माणसं, गोचिडी, लस, प्रयोगशाळा असं सगळं एकत्र बघावं लागलं. भातलावणीच्या दिवसांतल्या लेप्टोचंही तेच. अशा कामात तक्त्याइतकाच उपयोग आशाताईंशी नीट बोलता येण्याचा होतो.

दोन्ही शाखा एकमेकींना कशा लागतात, हे सर्पदंशावरून मला सगळ्यात स्पष्ट दिसतं. रुग्णालयाच्या नोंदींतून सर्पदंशाचे मृत्यू फार थोडे दिसतात, कारण बरीच माणसं वाटेतच किंवा मांत्रिकाच्या अंगणात दगावतात. मिलियन डेथ स्टडी या देशभरातल्या मृत्यूंची कारणं शोधणाऱ्या अभ्यासात गणनाकारांनी घरोघर जाऊन नातेवाइकांना मृत्यूची हकिकत विचारली आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवलं. त्या आधारे २०२० साली अंदाज आला, की २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. नमुना कसा निवडायचा, वयानुसार दर कसा काढायचा, हा भाग डेमोग्राफीचा. प्रतिसर्पविष कुठल्या आरोग्य केंद्रात ठेवायचं, हा पब्लिक हेल्थचा.

शिक्षणाच्या जागा. मुंबईत देवनारची आयआयपीएस, म्हणजे लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था, १९५६ साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून सुरू केली. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिथूनच चालतं. चालत जाण्याच्या अंतरावर टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था आहे, तिथे पब्लिक हेल्थ. आपल्याकडच्या घराघरातलं कोणीतरी मुंबईत असतंच, त्यामुळे राहण्याचा प्रश्न इतरांपेक्षा आपल्याला सोपा, आणि ही गोष्ट लहान नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. लांब जायची तयारी असेल तर तिरुअनंतपुरमचं पब्लिक हेल्थ शिकवणारं अच्युत मेनन केंद्र; तिथलं एमपीएच १९९७ पासूनचं आहे.

आता पैसा, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, नंतर ४२ हजार, घरभाडं वेगळं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार महिन्याला ५७,७००. अडचण आहे ती जागांची. लोकसंख्याशास्त्राचे स्वतंत्र विभाग देशात मोजकेच, जाहिरात निघेपर्यंत वर्षं जातात. पब्लिक हेल्थमध्ये नोकऱ्या जास्त दिसतात, पण त्यातल्या पुष्कळ प्रकल्पाच्या किंवा आरोग्य अभियानातल्या कंत्राटी, अकरा महिन्यांच्या. शिवाय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात प्राध्यापकीसाठी एमडी लागतंच असं धरून चाला. एमपीएच केलेल्या बीए-बीएस्सीवाल्याला तिथे फार तर संख्याशास्त्रज्ञाची जागा. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही आणि दोन वर्षांनी मुलं रडकुंडीला येतात. म्हणून माझं वरचं मत.

परदेशाचं गणितही डेमोग्राफी आणि पीएचडीच्याच बाजूला झुकतं. अमेरिकेत एमपीएच बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने, म्हणजे कर्ज काढून. पीएचडीला मात्र चांगल्या विद्यापीठांत शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं. डेमोग्राफी तिथे बहुधा समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्राला जोडून असते. जर्मनीत रोस्टॉकला १९९६ पासून माक्स प्लांकची लोकसंख्याशास्त्राची संस्था आहे. बागायत गहाण टाकून एमपीएचला जाऊ नका, एवढं कळकळीने सांगते.

जागतिक आरोग्य संशोधन परदेशी पैशावर किती टेकलेलं आहे, हे २०२५ ने दाखवलं. अमेरिकेने मदत थांबवली आणि कितीतरी देशांत आरोग्य सर्वेक्षणं करणारा डीएचएस कार्यक्रम अधांतरी लटकला. याचा फटका दोन्हीकडे बसतो. भारतात मात्र २०२७ ची जनगणना होऊ घातली आहे. २०११ नंतरची पहिलीच, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं तिचं विश्लेषण करणारी माणसं लागतील.

एका बाबतीत पब्लिक हेल्थचं पारडं नक्की जड आहे: ते गावात राहून करता येतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवला, तो रुग्णाच्या उशाशी बसून नाडी-रक्तदाब टिपत. ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, २०११ साली प्रतिविष आणि प्राझोसिनची चाचणी 'बीएमजे' या दुसऱ्या नियतकालिकात आली. पण ते डॉक्टर होते, हे विसरून चालणार नाही. चिपळूणजवळच्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास उभा राहिला, तिथेही आधार रुग्णालयाचाच होता. डेमोग्राफरला कोकणात बसून पगारी जागा मिळणं आज तरी कठीण आहे. सर्वेक्षणांचा डेटा मात्र कुठेही बसून वापरता येतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी लेखनाची धास्ती वाटते. शोधनिबंध इंग्रजीतच लिहावे लागतात, त्याला पर्याय नाही, आणि दोन वर्षं रोज लिहिलं की जमतं. उलट खळ्यात बसून म्हाताऱ्या माणसाकडून त्याच्या भाषेत उत्तर काढून घेणं बाहेरच्या संशोधकाला जमत नाही, ते तुम्हाला येतं.

अजूनही ठरत नसेल तर कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं आपल्या जिल्ह्याचं माहितीपत्रक उतरवून घ्या, ते फुकट मिळतं. चौथ्या फेरीशी ताडून बघा. मग एक दिवस गावच्या आशाताईंबरोबर त्यांच्या घरभेटींना जा. दोन्हींपैकी कशात तुम्ही जेवायची वेळ विसरलात, ते बघा, आणि अर्ज त्या बाजूचा भरा.