म्यूझिक मॅन सिक्स्टी-फाइव्ह: पुढे ट्रान्झिस्टर, मागे ट्यूब

‘प्रीअॅम्पमध्ये (सिग्नल आधी वाढवणाऱ्या पुढच्या भागात) ट्यूब नाही म्हणजे तो खरा ट्यूब अॅम्प नाही’ या समजुतीपायी म्यूझिक मॅनचे जुने हायब्रिड, म्हणजे पुढे ट्रान्झिस्टर आणि मागे ट्यूब असलेले, गिटार अॅम्प त्याच काळातल्या फेंडर अॅम्पपेक्षा सहसा कमी किमतीला मिळतात. समजूत चुकीची आहे, पण घेणाऱ्याच्या ती पथ्यावरच पडते.

फेंडर कंपनीतून बाहेर पडलेले फॉरेस्ट व्हाइट, टॉम वॉकर आणि खुद्द लिओ फेंडर म्यूझिक मॅनमागे होते. हे नाव १९७४ पासूनचं. १९८४ मध्ये एर्नी बॉलने कंपनी घेतली आणि अॅम्पचं उत्पादन थांबलं. सिक्स्टी-फाइव्हमध्ये दोन पॉवर ट्यूब आणि ६५ वॉट, तर एचडी-१३० मध्ये चार ट्यूब आणि १३० वॉट. सत्तरच्या दशकात गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि जॉनी विंटर, थोडं पुढे मार्क नॉफ्लर यांनी स्टेजवर एचडी-१३० वाजवला. छोट्या हॉलला सिक्स्टी-फाइव्ह पुरून उरतो.

याचा क्लीन आवाज ऐकावाच असा आहे. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) नेक पिकअपवर जाड ई तार जोरात छेडली तरी नोट ढेपाळत नाही. बोट लागताक्षणी आवाज समोर येतो, आणि खर्ज पसरत नाही. पुढच्या भागातल्या ऑप-अॅम्पना (सिग्नल वाढवणाऱ्या चिपना) सुमारे ±१६ व्होल्टचा स्थिर पुरवठा असतो, म्हणून ही चपळाई. त्याची कड पॉवर ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर गोल करतात. हाय-लो स्विच ‘हाय’ला असताना ट्यूबच्या प्लेटवर जवळपास ७०० व्होल्ट असतात. ‘लो’ला ते बरेच उतरतात, ट्यूबवरचा ताण कमी होतो आणि आवाज थोडा मऊ होतो. घरी ‘लो’वरच वाजवावा.

डिस्टॉर्शनसाठी मात्र हा अॅम्प घेऊ नये. हमबकर (दोन कॉइलचा, जोरकस पिकअप) लावून चॅनेलचा व्हॉल्यूम सात-आठवर नेला की ऑप-अॅम्प लाटेचा माथा सपाट कापतो आणि आवाज फाटका येतो. मास्टर व्हॉल्यूम असेल तर चॅनेल तीन-चारवर ठेवून मास्टर चढवा, आणि कडकपणा हवा असेल तर पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल जोडा. पेडल इतकं स्वच्छ घेणारे अॅम्प थोडे आहेत.

घेताना मागून आत डोकावा. दोन मोठ्या ट्यूबशेजारी छोटी १२एएक्स७ दिसली तर तो जुना नमुना, फेज इन्व्हर्टरही (सिग्नल एकमेकांच्या उलट अशा दोन भागांत पॉवर ट्यूबना देणारा टप्पा) ट्यूबचाच. आमची पसंती यालाच. (नावात ‘आरडी’ असेल तर फसू नका. तिथे छोटी ट्यूब डिस्टॉर्शनची असते.) नंतरच्या नमुन्यात पॉवर ट्यूबच्या ग्रिडला (प्रवाह आवरणाऱ्या जाळीला) ठरावीक व्होल्टेज देऊन कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) ट्रान्झिस्टरने चालवला आहे. आवाजात फरक थोडा, दुरुस्तीत फार. पॉवर ट्यूब आतून शॉर्ट झाली की तिचा ट्रान्झिस्टरही जातो. तो शॉर्ट राहिला तर कॅथोड थेट ग्राउंडला येतो, ग्रिड त्याच्यापेक्षा पॉझिटिव्ह होतो आणि नवी घातलेली ट्यूब लालबुंद होऊन जाते. म्हणून ट्यूब बदलण्याआधी दोन्ही ट्रान्झिस्टर मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासा.

मूळ ट्यूब सिल्व्हेनियाच्या जाड बाटलीच्या ६सीए७. आज इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची ६सीए७ चालते. मिळेल ती स्वस्त ईएल३४ इथे घालू नये, ७०० व्होल्ट तिला झेपतीलच असं नाही. बायसचा (सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणाऱ्या प्रवाहाचा) हिशोब साधा आहे: २५ वॉटच्या ट्यूबचे ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट, भागिले ७०० व्होल्ट, म्हणजे ट्यूबमागे २५ मिलिअँपियर. यावर जाऊ नये. हा आकडा छोट्या ट्यूबवाल्या नमुन्यासाठी आहे. ट्रान्झिस्टरवाल्यात त्या मॉडेलच्या सर्किट डायग्रामवरचाच आकडा पाळा.

फिल्टर कपॅसिटर (पुरवठ्याचं व्होल्टेज सपाट करणारे) मूळचे असतील तर सगळे बदलायचे. हमिंग नाही म्हणून ठेवू नका. आत हात घालण्यापूर्वी प्लग काढा, १० किलोओहम, १० वॉटच्या रेझिस्टरने ते रिकामे करा आणि मीटरवर शून्य दिसतंय याची खात्री करा. हा चार्ज जीव घेऊ शकतो. ट्यूब सॉकेटवर काळा डाग दिसला तर ते आर्किंग, म्हणजे ठिणगी उडाल्याची खूण, आहे. पुसून भागत नाही, सॉकेटच बदला. स्पीकर न जोडता अॅम्प चालू करणं म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालवणं.

हिस्स जास्त वाटला तर १४५८ जातीच्या आठ पायांच्या ऑप-अॅम्पजागी टीएल०७२ सरळ बसतो. मात्र ४ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडावा, नाहीतर तो ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच कंप निर्माण करू शकतो. सुरुवातीच्या अॅम्पमधल्या गोल धातूच्या ऑप-अॅम्पना हा बदल सरळ लागू नाही.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अॅम्प पुण्या-मुंबईत चालवायचा तर ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर नसावा, वेगळ्या वाइंडिंगचा असावा, आणि अॅम्पची तिसरी पिन अर्थिंगला पोहोचलीच पाहिजे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर पॉवर ट्रान्सफॉर्मर किंचित जास्त तापतो, तेव्हा अॅम्पची पाठ भिंतीला चिकटवू नका.