सिबिल खराब असताना होम लोन : चिंचवडच्या एजंटचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. एक स्टार इन्शुरन्सचा कापलाय आणि अर्धा पार्किंगचा, खाली सांगते.

चिंचवड स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या वर हे एजंट बसतात, बोर्डवर फक्त 'सर्व बँकांचे होम लोन'. नाव मुद्दाम टाकत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको. आमची केस अशी की मिस्टरांची कंपनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडली, घर क्रेडिट कार्डावर चाललं, पुढच्या वर्षी वसुलीवाल्याने '८५ हजारांचे ४० भरा, विषय संपला' म्हणून सेटलमेंट करून दिलं. विषय कुठला संपतोय! सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या रेकॉर्डमध्ये, ते दिसतच राहतं. नंतर पगार सुरू झाला, मोशीत ४२ लाखांचा रीसेल टू बीएचके आवडला, बँकेत गेलो तर साहेबांनी पॅन टाकला, स्क्रीन बघितली, 'कळवतो' म्हणाले. अजून कळवतायत.

या एजंटनी पहिल्यांदा फाइल घेतलीच नाही. विचारलं काय तर, 'वहिनी, अजून कुठे कुठे अर्ज टाकलाय?' कारण प्रत्येक अर्जाला बँक आपल्या कर्जफेडीचा रिपोर्ट काढते, ती एन्क्वायरी नोंदली जाते, आणि एका महिन्यात अशा पाच-सहा दिसल्या की पुढची बँक आधीच बिचकते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर स्कोअरला काही होत नाही, आणि सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क या असा रेकॉर्ड ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्याचेच पैसे घेणारे लोक आहेत बरं का बाजारात, आणि 'सिबिल क्लीन करून देतो' वाले तर व्हॉट्सअॅपवर रोज येतात, त्यांच्या नादी लागू नका.

मग खालून आमच्या रिपोर्टची प्रिंट मागवली, स्टीलची पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. महिन्यामहिन्याचे बारीक चौकोन असतात, ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस लेट, नव्वदच्या पुढे गेलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. आमच्या कार्डाचे चौकोन असे चढतच गेलेले आणि वर स्टेटस 'सेटल्ड'. त्यावर हिरव्या पेनाने गोल करून म्हणाले, 'स्कोअर ६८० आहे, तो कोणीतरी चालवून घेईल. हे नाही चालणार.'

उपाय सोपा पण खिशाला चाट. सोडून दिलेले ४५ हजार त्या बँकेला भरायचे, नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं आणि 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून घ्यायचं. सिबिलवाले आपल्या सांगण्यावरून काही बदलत नाहीत, बँकेने दुजोरा दिला तरच. पैसे भरून झाले तरी बँक ढिम्म, मग यांनी डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकायला लावला आणि ईमेलमध्ये एक ओळ घालायला सांगितली, की ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ज्या बँकेत कोणी फोन उचलत नव्हतं तिथून स्वतःहून फोन आला. या एका ओळीसाठी मी यांना दोन स्टार देते.

त्यानंतरही 'थोडे महिने थांबा, बाइकचा हप्ता वेळेवर जाऊ द्या' म्हणाले. आमच्याकडून एक रुपया घेतला नाही, यांना कमिशन लोन देणारी कंपनी देते. पण गोम पण तिथेच आहे.

लोन मिळालं एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून, २८ लाख. रेट पावणेअकरा. चांगल्या सिबिलवाल्याला बँक साडेआठच्या आसपास देत होती, म्हणजे वीस वर्षांच्या लोनवर महिन्याला चार हजारांच्या वर जास्त जातात. वर बँकेचा फ्लोटिंग (बदलता) रेट रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेला असतो, इथे कंपनीचा स्वतःचा पीएलआर, म्हणजे तिनेच ठरवलेला मूळ दर, त्यामुळे रेपो कमी झाला तरी आपला हप्ता कधी हलेल ते त्यांच्या मनावर. ठीक आहे, हे एजंटनी आधी सांगितलं होतं.

इन्शुरन्सचं मात्र सांगितलं नाही! सँक्शनच्या वेळी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (लोनचा सगळा खर्च मांडलेला कागद) देतात, ते कंपल्सरी आहे, त्यात लोनची रक्कम २८ च्या ऐवजी २९ लाख १० हजार. एक लाख दहा हजारांचा विमा सरळ लोनमध्ये घातलेला, म्हणजे प्रीमियमवर पण वीस वर्षं व्याज. विचारलं तर 'सगळेच घेतात मॅडम'. असा विमा घ्यायलाच पाहिजे असा नियम नाहीये, मी लेखी नकार दिला आणि टर्म प्लॅन (साधा आयुर्विमा) बाहेरून घेतला. एजंट समोर बसून मोबाइल बघत होते. ते स्टेटमेंट पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, सगळे चार्जेस धरून खरा रेट किती पडतो ते त्यातच असतं.

फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घ्या, हा सल्ला एजंटचाच, बाईच्या नावावर म्हणून स्टॅम्प ड्युटीत १ टक्का वाचला. वर्ष-दोन वर्षांनी लोन बँकेत फिरवायचं डोक्यात आहे, फ्लोटिंगला फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी लोन फेडल्याचा दंड) नसतो, फक्त नवीन बँकेची प्रोसेसिंग फी आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची (घर गहाण ठेवल्याच्या सरकारी नोंदीची) स्टॅम्प ड्युटी परत भरावी लागते तेवढी हिशोबात धरा. त्यासाठी पण यांच्याकडेच जाणार, मात्र यावेळी मी आधीच विचारणार की कमिशन कशाकशावर मिळतं.

शनिवारी गर्दी असते, फोन करून जा. गाडी रस्त्यावर लावली तर टोइंगवाले उचलतात, आमची उचलली होती, रिक्षाने गेलेलं बरं.