पाचपैकी चार तारे, एक संडासाच्या कडीसाठी कापला

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत आणि तिथल्या कोणाची नोकरी माझ्यापायी अडचणीत यावी असं मला वाटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं सरकारी ग्रामीण रुग्णालय, एवढं पुरे. मी निवृत्त अंगणवाडी सेविका. 31 वर्षं दुसऱ्यांच्या लेकीसुनांच्या मागं लागले, की बाई, दवाखान्यातच बाळंत हो. स्वतःच्या लेकीची पाळी आली तेव्हा जावई म्हणाले, यवतमाळला खासगीत नेऊ. कोणत्या तोंडानं हो म्हणू?

मे महिना, रात्री दीडला कळा वाढल्या. आशाताईनं 102 ला फोन लावला, गाडी चाळीस मिनिटांत दारात. आमच्या फाट्यापासून आतला रस्ता ज्यानं पाहिला आहे, तो याला लवकरच म्हणेल. डिझेलचे पैसे कोणी मागितले नाहीत. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, औषधं, जेवण, घरी सोडणारी गाडी सारं फुकट आहे; तरी आमच्या गावात अजून लोक खिशात हजार रुपये घेऊनच निघतात.

आत सोबतीला एका बाईला थांबू देतात, म्हणून मी लेकीच्या उशाशी होते. पहाटे चारच्या आसपास डोकं दिसलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. बाळाला तोंडच नव्हतं. गुळगुळीत, ओलं, ट्यूबलाइटच्या उजेडात चकाकणारं काहीतरी. नाक कुठं, डोळे कुठं, सारं पुसट. कांदा सोलताना पाकळीवरून जो पातळ पापुद्रा सुटतो ना, तसला पापुद्रा कपाळापासून हनुवटीपर्यंत ताणून बसवलेला. माझ्या तोंडून "अगं माय वं!" निघालं.

सिस्टरनं वर पाहिलंसुद्धा नाही. "आजी, पाणमोटीचा पडदा हाय. भिऊ नोका." बोलता बोलता तिनं नाकाजवळ तो चिमटीत धरला, फाडला, नाकतोंड मोकळं केलं, मग कानांच्या बाजूनं हलक्या हातानं सोडवत डोक्यावरून मागं नेला. ओढाताण नाही, आरडाओरड नाही. मी रोखलेला श्वास सोडला नव्हता, तोवर नातीनं तिचा पहिला घेतला. 2 किलो 800 ग्रॅम. लगेच आईच्या छातीवर. तासाच्या आत अंगावर पाजलंही.

चार ताऱ्यांपैकी तीन या एका मिनिटाचे आहेत.

नंतर सिस्टरला मोकळी पाहून मी विचारलं. ती म्हणाली, बाळ ज्या पिशवीत पाण्यात असते, तिचाच तो तुकडा. बहुतेक वेळा पाणमोट फुटते आणि बाळ तिच्यातून निसटून येते. क्वचित फाटलेला भाग डोक्या-तोंडावर चिकटून सोबत येतो. त्याला ना रक्तवाहिनी, ना संवेदना, म्हणून फाडताना बाळाला दुखत नाही. नाळेतून प्राणवायू मिळत असतो तोवर बाळाचं अडत नाही, पण तोंड मोकळं करायला वेळ लावायचा नाही. अख्खी पिशवीच न फुटता बाहेर येणं त्याहून दुर्मीळ, ते दिवस भरायच्या आधी आलेल्या लहानग्यांत जास्त होतं. आईनं ग्रहणात काय चिरलं, कोणाची नजर लागली, याचा संबंध नाही. हे शेवटचं तिनं मी न विचारताच सांगितलं. रोज ऐकत असेल बिचारी.

सकाळी सात वाजता विहीणबाई डबा घेऊन आल्या आणि तमाशा सुरू झाला. लेकीनं त्यांना फोनवर सांगितलं होतं. बाई येतानाच बाहेरच्या टपरीवरून ताइताची पेटी आणि काळा दोरा घेऊन आल्या. "ते झिल्ली कुठं हाय? वाळवून पोरीच्या गळ्यात बांधू. देवाचा अंश हाय वं तो, विहीणबाई." सिस्टर म्हणाली, वार आणि पडदा पिवळ्या पिशवीत गेले, नियम आहे. विहीणबाई चिडल्या, "आमच्या पोरीचं हाय, तुम्ही कोण ठेवणारे?" सिस्टर तरीही तापली नाही. म्हणाली, "आई, हा पडदा लय कामाचा असते. मोठ्या दवाखान्यात भाजलेल्या जखमेवर लावतात, डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये वापरतात. पण तपासून, निर्जंतुक करून. पेटीत कोंडला तं फक्त सडन."

मी गप्प होते, पण मनात माझा धाकटा भाऊ आला. तो पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. गावात कोणाची पाठ धरली की त्याला झोपेतून उठवून न्यायचे, उसणीवर लाथ मारायला. आभाळ गरजलं की आजी त्याला घरात कोंडायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. एकदा दोन अनोळखी माणसं आली, गुप्तधन दाखवायला पोरगं एका रात्रीसाठी द्या म्हणाली. बाबांनी तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, घेऊन त्यांना पांदणीपर्यंत पळवलं. आज असल्या धंद्याविरुद्ध 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तेव्हा फक्त बैलाची तुतारी होती. भाऊ आता आजोबा झाला, पण गावात तो अजून "पायाळू"च. नातीच्या कपाळी दुसरं काही चिकटू नये, एवढंच मला वाटत होतं.

सरकारी नियमानं 48 तास थांबायचं असतं, वेळच वेळ. भाच्याच्या मोबाइलवर शोधत बसले. आपल्याकडे याला उल्ब म्हणतात. धुरानं विस्तव, धुळीनं आरसा, तसा उल्बानं गर्भ झाकलेला असतो हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पारायणाला इतकी वर्षं बसले, पण तो शब्द डोळ्यांनी पाहिला तो परवा. रशियात अपघातातून वाचलेल्याला "सदरा घालून जन्मला" म्हणतात. हॉलंडात "हेल्मेट घालून जन्मला" म्हणतात. (आपल्याकडे तेच हेल्मेट घालायला चौकात पोलीस उभा करावा लागतो.) इटलीच्या फ्रिउली भागात सोळाव्या-सतराव्या शतकात असे जन्मलेले लोक रात्री आत्म्यानं जाऊन चेटकिणींशी लढतात आणि पिकं राखतात, अशी समजूत होती. तसलं एखादं आमच्या तुरीला मिळालं तर रानडुकरांपासून सुटका होईल.

इंग्लंडचे खलाशी हा पडदा पैसे देऊन विकत घ्यायचे, जवळ असला की माणूस बुडत नाही म्हणून. कवी बायरन 1788 साली असाच जन्मला. त्याचा पडदा आरमारातल्या हॅन्सन नावाच्या कप्तानाकडे गेला. 1800 च्या जानेवारीत त्या कप्तानाचं 'ब्रेझन' जहाज न्यूहेवनजवळ फुटलं. जहाजावरचा एकच माणूस जिवंत निघाला, आणि तो कप्तान नव्हता. हे मी विहीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यानं नीट बांधला नसन."

आता तक्रारी. वॉर्डात कूलर आहे, पण पाणी नातेवाइकांनीच बादल्यांनी भरायचं. दुपारी बाहेर 45 अंश असताना तिसऱ्या मजल्यावर बादली चढवून पाहा. लिफ्टवर "बंद" ची पाटी आहे, ती मात्र नवी कोरी. वॉर्डातल्या एका बाईनं "पोरगी झाली तरी पेढ्याचे द्या" म्हणून दोनशे मागितले. दिले नाहीत, आणि "तरी" या शब्दाबद्दल दोन शब्द ऐकवले. जेवण ठीक. वरण पातळ, पण पोळ्या गरम. बीसीजी, पोलिओ, कावीळ या तिन्ही लसी निघायच्या आधी दिल्या, कार्डावर तारीखवार नोंद.

आणि संडास. स्वच्छ होता, खोटं का बोलू. पण दाराला आतून कडी नाही. टाके असलेल्या ओल्या बाळंतिणीनं एका हातानं दार धरून बसायचं? तीनदा सांगितलं, तीनदा "उद्या बसवतो" ऐकलं. शेवटी दुसऱ्या दिवशी विहीणबाईच उठल्या. पेटी पिशवीत टाकली, तो काळा दोरा काढला, दुहेरी केला आणि दाराच्या भोकातून ओवून आतल्या खिळ्याला फास बसवला. आम्ही निघालो तेव्हा तिथंच होता. शेजारच्या पलंगावरच्या दोघी-तिघी तोच वापरत होत्या.