सौर झटका मशीन: कुंपण चांगलं, अर्थिंगकडे मात्र बघा
शेताच्या कुंपणाच्या तारेत झटके सोडणारं हे मशीन काम चोख करतं. साधारण दर सव्वा सेकंदाला ५ ते ८ हजार व्होल्टचा एक झटका, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा. त्यामुळे हात सुटतो, माणूस मागे सरतो. चोराला धडा शिकवायचा म्हणून तारेत थेट घरातली लाइन सोडणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा. तिथे प्रवाह सलग वाहतो, स्नायू आखडतात, पकड सुटत नाही, आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडू शकते. कणसं चोरण्याला मरण ही शिक्षा कुठलंच न्यायालय देत नाही. शेतमालकाला ती द्यायचा अधिकार कुठून आला? शिवाय तार माणूस ओळखत नाही. वासरू, शेजारचं पोर, रात्री मोटर लावायला निघालेला गडी, सगळे तिला सारखेच.

'झटका कमी बसतो' ही तक्रार बहुतेक वेळा अर्थिंगची, म्हणजे मशीनच्या जमिनीशी असलेल्या जोडणीची असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या निदान ३ सळ्या, २-२ मीटरच्या, ३ मीटर अंतराने ठोका, घराच्या अर्थिंगपासून १० मीटर लांब. तारेला टेकलेलं गवतही झटक्याचा जोर खातं.

खरेदी करताना साठवलेले नव्हे, बाहेर पडणारे ज्यूल (झटक्याच्या ऊर्जेचं माप) विचारा. काटेरी तारेत झटका कधीच सोडू नका. कपडे अडकले की माणूस सुटत नाही. धोक्याची सूचना देणारा पिवळा फलक हवाच. त्याने चोर सावध होतो म्हणे! मग कुंपण घातलं कशाला?