सुरू न होणाऱ्या संगणकासाठी विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट : वापरून पाहिल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करत असताना आमचा विंडोज 10 चा डेस्कटॉप एके सकाळी सुरूच होईना. ठिपके गोल फिरत आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून चालू होई. दुरुस्तीवाल्याने फोनवरच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगून टाकले. परंतु वडिलांचे नऊ वर्षांचे हिशेब त्याच डिस्कवर असल्यामुळे मी विंडोजमध्येच असलेली दुरुस्तीची सोय आधी वापरायचे ठरवले.

संगणक लागोपाठ दोन-तीनदा अर्ध्यावर अडकला, की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करून काम करण्याची खिडकी) असे गेले, की काळ्या पडद्यावर ‘एक्स’ ड्राइव्हचे नाव लुकलुकते. हा ड्राइव्ह डिस्कवर नसतो. दुरुस्तीपुरती छोटी विंडोज मेमरीत उतरवलेली असते आणि म्हणूनच मूळ विंडोज कितीही बिघडली तरी ही चालते. हेच तिचे खरे बळ आहे.

नवखा माणूस फसतो तो ड्राइव्हच्या अक्षरांपाशी. आमची नेहमीची ‘सी’ इथे ‘डी’ झाली होती आणि ‘सी’वर फक्त एक छोटा राखीव भाग दिसत होता. डिस्कपार्ट हे डिस्कचे भाग दाखवणारे साधन उघडून ‘लिस्ट व्हॉल्यूम’ दिल्यावर आकारावरून ओळख पटली. हे न पाहता चेकडिस्क ही डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी आज्ञा चालवली असती, तर भलताच भाग तपासून झाला असता. मी मात्र दुरुस्तीच्याही आधी ‘नोटपॅड’ असे टाइप केले, त्यातल्या ‘ओपन’च्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ निवडले आणि हिशेबाचे फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट केले. डिस्कच मरणपंथाला लागलेली असेल, तर चेकडिस्कचा ताण तिला सोसेलच असे नाही. म्हणून हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर चेकडिस्क सुमारे तीन तास चालली, पाठोपाठ एसएफसी या विंडोजच्याच तपासणी-आज्ञेला बंद पडलेल्या विंडोजचा पत्ता देऊन तिच्या फायली तपासून घेतल्या आणि संध्याकाळी डेस्कटॉप उघडला.

उणिवाही आहेत. चुकीच्या आज्ञेला मिळणारे उत्तर त्रोटक असते आणि ‘तुमची विंडोज या ड्राइव्हवर आहे’ एवढी साधी सूचनाही पडद्यावर नसते. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय, लावलेले असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की हाताशी नसताना ड्राइव्ह उघडत नाही. जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख संगणक बंद पडले, तेव्हा एक फाइल पुसण्यासाठी असंख्य तंत्रज्ञांना सेफ मोड (मोजक्या सोयींनिशी सुरू होणारी विंडोज) किंवा हाच काळा पडदा गाठावा लागला, आणि कित्येक ठिकाणी काम खोळंबले ते या कीपायी. आमच्या घरातल्या दोन्ही लॅपटॉपच्या की मी कागदावर उतरवून कपाटात ठेवल्या आहेत.